महाधमनीचं माप

नागपूरच्या दक्षिणेला मनीषनगर ओलांडलं की बेसा लागतं. कालपरवापर्यंत हे शेताशिवाराचं गाव होतं. आता बेसा-पिपळा नगरपंचायत आहे, फ्लॅटच्या स्कीमा आहेत आणि स्कीमांच्या तळमजल्यावर औषधांची दुकानं, पॅथॉलॉजी, सोनोग्राफी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्राप्रमाणे इथेही दारातच पाटी असते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. पित्ताशयातल्या खड्यासाठी आलेली पासष्टीची बाई त्या पाटीखाली नंबर यायची वाट पाहत बसते. पाटीचा तिच्याशी काही संबंध उरलेला नाही. बाईच्या पोटात यंत्राने काय बघायचं असतं याविषयीची आपल्या समाजाची समजूत मात्र त्या पाटीवर नेमकी लिहिलेली आहे. गर्भाशयाच्या वर, मणक्याला चिकटून शरीरातली सर्वांत जाड रक्तवाहिनी खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दुभंगून दोन्ही पायांकडे जाते. ही महाधमनी, लोक तिला ‘पोटातली मोठी नस’ म्हणतात. तिची जाडी साधारण दोन सेंटिमीटर, बायकांत थोडी कमी. वय, रक्तदाब, धूम्रपान यांनी तिची भिंत कमकुवत झाली की तिला फुगा येतो. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. फुगा वर्षानुवर्षं गप्प असतो. फुटला की पाठीत, कुशीत भयंकर कळ येते, अनेकदा आधी मूतखड्याचाच संशय घेतला जातो, आणि फुगा फुटलेल्यांतले बरेचसे दवाखान्याच्या पायरीपर्यंतही पोचत नाहीत.

फुटण्याआधी हा फुगा दुरुस्त करायचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग पोट उघडून फुगलेल्या भागात कापडी नळी शिवण्याचा. नवा मार्ग जांघेतल्या धमनीतून तारेच्या जाळीवर चढवलेली नळी घडी करून आत सरकवायची आणि फुग्याच्या जागी उघडायची, हा. त्याला वैद्यकात एंडोव्हॅस्क्युलर दुरुस्ती, थोडक्यात ‘ईव्हार’ म्हणतात. पोटावर चीर नाही, तीन-चार दिवसांत घरी. या नव्या मार्गाचे बायकांमधले परिणाम पुरुषांपेक्षा वाईट आहेत, हे आता वादातीत आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडणारा ब्रिटिश संशोधकांचा एक मोठा आढावा २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ईव्हारनंतर तीस दिवसांत पुरुषांपैकी १.४ टक्के दगावले, बायकांपैकी २.३ टक्के; पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत हेच आकडे २.८ आणि ५.४. पण त्या आढाव्यातले माझ्या मते सर्वांत बोलके आकडे मृत्यूचे नाहीतच. ज्यांचा फुगा ईव्हारच्या साच्यात बसतो असे पुरुष ५४ टक्के होते, बायका फक्त ३४ टक्के. आणि तपासून झाल्यावर ‘तुमच्यावर काहीच करता येणार नाही’ असं सांगून परत पाठवलेले पुरुष १९ टक्के, बायका ३४ टक्के. शस्त्रक्रियेच्या निकालाची मोजणी टेबलावर पडलेल्या माणसापासून सुरू होते. टेबलापर्यंत न पोचलेली बाई त्या हिशेबात कुठेच नसते. हा सगळा फरक बाईच्या शरीरातच लिहिलेला आहे, असं समजण्याची घाई वैद्यकाने बरीच वर्षं केली. मला वाटतं, त्यातला मोठा भाग हा इतिहास आहे. कोणाचं पोट कशासाठी बघितलं गेलं आणि कोणाच्या मापाने अवजार घडवलं गेलं, याचा इतिहास.

आधी आपल्याकडचंच पाहू. आधुनिक वैद्यक हिंदुस्थानातल्या बाईपर्यंत पोचलं ते बाळंतपणाच्या वाटेने. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला, गावोगाव जनाना रुग्णालयं निघाली, नागपुरातही डफरिन रुग्णालय आलं. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि वेणूताई नेने यांच्यासोबत १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघ स्थापन केला. सुईणीच्या अंधाऱ्या खोलीतून बाळंतिणीला बाहेर काढणारं ते काम किती मोठं होतं, हे विदर्भातल्या जुन्या घरांना सांगायला नको. बाळंतपणात बाया पटापट मरत होत्या, तेव्हा पहिला हात तिथेच जायला हवा होता आणि तिथेच गेला. पण पुढे सवय पडली. बाईचं आरोग्य म्हणजे माता-आरोग्य, हे समीकरण सरकारी योजनांच्या नावांतही मुरलं. सोनोग्राफी आली तीही याच वाटेने, आणि आल्याबरोबर तिचा दुरुपयोगही गर्भाशयाभोवतीच झाला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी लढा दिला, १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. कायदा हवाच होता. पण त्या लढ्याच्या दोन्ही बाजूंनी, गुन्हा करणाऱ्यांनी आणि तो थांबवणाऱ्यांनी, बाईच्या पोटात बघितलं ते गर्भाशयच. पाळी गेली की यंत्राचं तिच्याकडे लक्ष उरत नाही. नेमका त्यानंतरच, साठी-सत्तरीत, महाधमनी फुगायला लागते.

महाधमनीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास दुसऱ्या टोकाने सुरू होतो आणि तिथे बाई जवळजवळ दिसतच नाही. १८१७ साली लंडनमध्ये ॲस्टली कूपर यांनी एका माणसाची महाधमनी चक्क दोऱ्याने बांधली. त्या रुग्णाने पुरते दोन दिवसही काढले नाहीत. त्यानंतर शंभरावर वर्षं सर्जन या नसेला बिचकूनच होते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला रुडॉल्फ निसेन यांनी आल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पोटातला फुगा सेलोफेनच्या कागदात गुंडाळला. आइनस्टाइन त्यावर सहा वर्षांहून अधिक जगले आणि १९५५ मध्ये तोच फुगा फुटून गेले. मार्च १९५१ मध्ये पॅरिसच्या शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग कापून काढला आणि मृत शरीरातून काढून जपून ठेवलेली महाधमनी तिथे जोडली. तोही रुग्ण पुरुष. मृतांच्या धमन्या किती मिळणार? म्हणून कापडाचा शोध सुरू झाला, आणि इथे एक गोष्ट सर्जन मंडळी अजूनही चवीने सांगतात. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले, नायलॉन संपलं होतं, तेव्हा त्यांनी डेक्रॉन घेतलं आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याची नळी शिवली. डेक्रॉन म्हणजे आपल्याकडे ज्याला टेरिलीन म्हणत तेच कापड. साठ-सत्तरच्या दशकात लग्नात नवऱ्या मुलाला टेरिलीनचा शर्ट झाला की घराची मान उंचावायची. महाधमनीची दुरुस्ती अशी अक्षरशः शिवणकामातून आली आहे, आणि शिवणकामातला पहिला प्रश्न कापडाचा नसतो, मापाचा असतो. ब्लाउज शिवायला टाकताना बाई मापाचा जुना ब्लाउज सोबत देते. नवऱ्याचा शर्ट मापाला दिला तर शिंपीही हसेल. वैद्यकात असं हसणारं बराच काळ कोणी नव्हतं.

ईव्हारची सुरुवात तशी एकाच ठिकाणी झाली नाही. युक्रेनमधल्या खारकीव्हच्या निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्येच छातीतल्या महाधमनीत अशी नळी बसवली होती, पण शीतयुद्धाच्या भिंतीपलीकडचं ते काम जगाने फार उशिरा वाचलं. पोटातल्या फुग्यासाठी पहिला मान हुआन पारोदी यांना मिळतो: सप्टेंबर १९९०, ब्वेनोस आयरेस, रुग्ण सत्तर वर्षांचा पुरुष. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दोन नळ्यांना बाजारात यायची परवानगी दिली. या नळीचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळायचा नाही. मूत्रपिंडांच्या धमन्या जिथून निघतात त्याच्या खाली आणि फुगा सुरू होण्याच्या वर महाधमनीचा थोडा निरोगी तुकडा शिल्लक असावा लागतो. सर्जन त्याला ‘नेक’, म्हणजे गळा म्हणतात. नळी त्या गळ्यात घट्ट बसते. तिचे दोन पाय दोन्ही बाजूंच्या धमन्यांत उतरतात. रक्त नळीतून वाहतं आणि फुग्यावरचा दाब जातो. उत्पादकाच्या सूचनापत्रकात लिहिलेलं असतं की गळा किमान इतका लांब हवा, त्याला याहून जास्त वाक नको, आणि जांघेतली वाट एवढी रुंद हवी. बायकांचा गळा सहसा आखूड आणि अधिक वाकडा. जांघेतून वर जाणारी धमनी अरुंद. नळी ज्या आवरणातून आत जाते त्याची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे अवजार-कारागीर शारिएर यांची ती देणगी. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. सुरुवातीची आवरणं वीस फ्रेंच आणि त्याहून जाड होती, म्हणजे सात मिलिमीटरच्या घरात. तेवढी वाट किती सत्तरीच्या बायकांच्या जांघेत असते? जिथे नसते तिथे धमनी फाटते, रक्तस्राव होतो, पायाचा रक्तपुरवठा तुटतो. तीस दिवसांच्या आकड्यांतला फरक काही अंशी अशा अपघातांनी भरलेला आहे.

आता चाचण्यांकडे वळू, कारण ‘कधी शस्त्रक्रिया करायची’ हा आकडा तिथून आला. फुगा साडेपाच सेंटिमीटरचा झाल्याशिवाय हात लावू नये, हा नियम जगभरच्या सर्जनांना पाठ आहे. नव्वदच्या दशकातल्या दोन चाचण्यांनी तो पक्का केला. ब्रिटनच्या चाचणीत १०९० रुग्ण होते आणि त्यांत बायका जेमतेम सतरा टक्के. अमेरिकेची चाचणी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली आणि तिथे बायका एक टक्काही नव्हत्या. साडेपाच ही रेषा शरीराने सांगितलेली नव्हती. चाचणी आखताना माणसांनी ती धरली, ‘इथपर्यंत थांबून बघू’ म्हणून, आणि थांबणं घातक ठरलं नाही म्हणून ती नियम झाली. घातक ठरलं नाही ते कोणाला? ब्रिटिश चाचणीच्याच रुग्णांची माहिती पुन्हा चाळली तेव्हा दिसलं की बायकांचा फुगा फुटण्याचा धोका पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होता. म्हणजे पुरावा त्याच कागदपत्रांत होता, सरासरीखाली दबलेला. नंतर ईव्हार आणि उघडी शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. ब्रिटनच्या चाचणीत दहातले नऊ रुग्ण पुरुष, अमेरिकेच्या चाचणीत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक. ईव्हारच्या बाजूचा जगभर सांगितला जाणारा आकडा, तीस दिवसांत ४.७ ऐवजी १.७ टक्के मृत्यू, हा त्या ब्रिटिश चाचणीचाच. तो पुरुषांचा आकडा आहे, पण त्याच्या डोक्यावर तसं लिहिलेलं नसतं. यात एक कडवट विनोदही आहे. औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून मूल होऊ शकणाऱ्या बायकांना वगळावं असा दंडक अमेरिकेने १९७७ मध्ये घातला आणि १९९३ मध्ये मागे घेतला. होणाऱ्या बाळाला इजा नको, हे त्याचं कारण. ॲन्युरिझमची बाई तर आजी झालेली असते. तिच्या बाबतीत ते कारणही लागू नव्हतं. तरी ती नव्हतीच.

यावर पहिला आक्षेप येतो तो साधा आणि वजनदार आहे: बायकांत हा आजार मुळात कमी, मग चाचण्यांत त्या कमीच येणार. खरं आहे. इंग्लंडमधल्या चिचेस्टरच्या पाहणीत पासष्ट ते ऐंशी वयाच्या पुरुषांत ७.६ टक्के आणि बायकांत १.३ टक्के लोकांना फुगा आढळला. म्हणूनच सरसकट तपासणीच्या पुढच्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत ६७,८०० पुरुष घेतले आणि एकही बाई घेतली नाही. आज ब्रिटनची सरकारी तपासणी पासष्टीतल्या पुरुषांनाच बोलावते. बायकांना सरसकट बोलावणं परवडत नाही, हा २०१८ सालचा हिशेबही मला चुकीचा वाटत नाही. पण त्याच ब्रिटनमध्ये फुगा फुटून मरणाऱ्यांत साधारण एक-तृतीयांश बायका असतात, हे याच्याशी ताडून बघा. आजार पाच-सहा पट कमी आणि मृत्यूत वाटा तिसरा हिस्सा, याचा अर्थ एकदा फुगा झाला की बाईची अवस्था पुरुषापेक्षा बरीच वाईट. शिवाय कमी आढळणं हे चाचणीत कमी असण्याचं कारण होऊ शकतं, जवळजवळ नसण्याचं नाही. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत चाचणी घेतली कारण तिथे रुग्ण हाताशी होते, नोंदी नीट होत्या, पाठपुरावा सोपा होता. सोय म्हणून ते समजण्यासारखं आहे. त्या सोयीचा निकाल सगळ्या मानवजातीला लावणं समजण्यासारखं नाही. युरोपातल्या सर्जनांच्या मार्गदर्शक सूचनांनी आता बायकांसाठी उंबरठा पाच सेंटिमीटरवर आणला आहे. दुरुस्ती झाली हे चांगलंच; पण पाच हा आकडाही बायकांची वेगळी चाचणी घेऊन आलेला नाही, उपलब्ध पुराव्यावरून काढलेला अंदाज आहे.

दुसरा आक्षेप शरीराचा. बायकांच्या धमन्या अरुंद आहेत, गळा आखूड आहे, निदानाच्या वेळी त्या वयाने मोठ्या असतात. यात इतिहास कुठून आला, हा निसर्ग झाला. या आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो: वय खरंच जास्त असतं आणि वयाबरोबर हृदय, फुप्फुसं थकलेली असतात. परंतु ‘अरुंद’ हा शब्द नीट तपासा. अरुंद म्हणजे कशाच्या मानाने? सात मिलिमीटरच्या आवरणाच्या मानाने. गेल्या दीड दशकात आवरणं चौदा फ्रेंचच्या आसपास आली, आणि ज्या बायकांना आधी ‘वाट नाही’ म्हणून परत पाठवलं असतं त्यांतल्या पुष्कळ जणी पात्र ठरू लागल्या. त्या दीड दशकात बायकांच्या धमन्या रुंद झाल्या नाहीत. गळ्याचंही तेच. मूत्रपिंडांच्या धमन्यांसाठी खिडक्या ठेवलेल्या नळ्या आल्या आणि आखूड गळ्याचा अडसर काहीसा कमी झाला, अर्थात खर्च आणि गुंतागुंत वाढवून. निसर्ग तोच राहिला आणि निकाल बदलत गेला. मग आधीचा निकाल निसर्गाच्या खात्यावर का टाकायचा?

उलट टोकाची चूकही टाळायला हवी. हे आकडे वाचून कोणी म्हणेल की बायकांवर ईव्हार करूच नये. पुरावा तसं सांगत नाही. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत बायकांचा मृत्युदर ईव्हारच्या दुपटीहून जास्त आहे, हे वर आलंच. फुटलेल्या फुग्यासाठी ब्रिटन आणि कॅनडात ‘इम्प्रूव्ह’ नावाची ६१३ रुग्णांची चाचणी झाली. एकूण निकाल जवळपास बरोबरीचा लागला, पण आतून नळी घालण्याच्या धोरणाचा फायदा पुरुषांपेक्षा बायकांना अधिक झालेला दिसला. ज्या तंत्रात बाई मागे पडते म्हणतात, त्याच तंत्राने तिला सर्वांत कठीण घडीला जास्त तारलं. ईव्हारची खरी अडचण पुढे आहे आणि ती दोघांनाही आहे: नळीच्या कडेने रक्त झिरपू शकतं, नळी सरकू शकते, म्हणून जन्मभर तपासण्या लागतात. ईव्हार आणि उघडी शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या त्या ब्रिटिश चाचणीचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१६ मध्ये आला तेव्हा आठ वर्षांनंतर पारडं उघड्या शस्त्रक्रियेकडे झुकलेलं दिसलं. दरवर्षी सीटी स्कॅनला कोण नेणार, पैसे कुठून येणार, हा प्रश्न बेसातल्या निवृत्त शिक्षकाला जेवढा अवघड, त्याच्या बायकोला त्याहून थोडा जास्त. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात फायली कोणाच्या मांडीवर असतात आणि पेशंट कोण असतो, हे पाहिलं की त्याचा अंदाज येतो.

या सगळ्या कथेला महाराष्ट्रात एक वेगळं पान आहे, आणि ते फार कमी वाचलं जातं. परळच्या केईएम रुग्णालयात आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात प्रफुल्लकुमार सेन यांनी शस्त्रक्रियेचं मोठं केंद्र उभं केलं. फेब्रुवारी १९६८ मधल्या देशातल्या पहिल्या हृदयरोपणामुळे सेन लोकांच्या लक्षात राहिले. त्याआधीच, १९६३ मध्ये, सेन, विकृतिशास्त्रज्ञ एस. जी. किणरे, इंजिनियर आडनावाचे सहकारी आणि जी. बी. परुळकर यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक लेख लिहिला आणि ‘मिडल ॲओर्टिक सिंड्रोम’ हे नाव वैद्यकाला दिलं. त्यांच्यासमोर तरुण मुली आणि बायका येत होत्या. हातात रक्तदाब भयंकर चढलेला, जांघेतली नाडी क्षीण, डोकेदुखी, धाप. सासरी अशा मुलीला ‘अशक्त’ किंवा ‘अंगात काहीतरी आहे’ म्हणून सोडून देत असतील. केईएमच्या मंडळींनी मनगटासोबत जांघेची नाडीही दाबून पाहिली. महाधमनीच्या मधल्या भागाची भिंत दाहाने जाड होऊन आतली वाट बुजत चाललेली होती. हाच आजार जपानमध्ये मिकितो ताकायासू या नेत्रतज्ज्ञांनी एका एकवीस वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांवरून नोंदवला होता; त्यांचा लेख १९०८ चा. जपानी रुग्णांत छातीतली कमान आणि हाताच्या धमन्या बंद व्हायच्या, म्हणून त्याला ‘नाडी हरवलेला आजार’ म्हणत. मुंबईत चित्र निराळं होतं: इथे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या धरल्या जात. जपानी पाठ्यपुस्तकातलं माप तसंच उचललं असतं तर मनगटाची नाडी लागते म्हणून या मुली निरोगी ठरल्या असत्या. किणरे यांनी १९७० मध्ये क्षयाशी असलेल्या संभाव्य नात्यावर लिहिलं. ते नातं आजही वादात आहे. १९७३ मध्ये सेन, किणरे, केळकर आणि परुळकर यांचा १०१ रुग्णांवरचा ग्रंथ निघाला. माझ्या युक्तिवादाला यापेक्षा चांगला पुरावा नाही. गरीब देशातल्या सरकारी रुग्णालयात बाईची महाधमनी तिच्याच मापाने पाहिली गेली, तेव्हा जगाला ठाऊक नसलेलं रूप सापडलं. यंत्रं कमी होती, पैसा नव्हता. जांघेवर दोन बोटं ठेवायला तो लागत नाही.

राहिला तिसरा आक्षेप, आपल्या भूमीचा: हा फुगा विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यांचा आजार, आपल्या बायका कुठे ओढतात? २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सतरा टक्के बायका तंबाखू वापरताना आढळल्या, पण त्यातली जवळजवळ सगळी चघळायची, लावायची, नागपूरकडे खर्र्याची. धुराचा महाधमनीशी जो संबंध सिद्ध आहे तो चघळण्याच्या तंबाखूला तसाच लावता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेव्हा आपल्याकडे बायकांत हा फुगा कमी असणार, हे मी मानतो. पण आपल्या लोकसंख्येत ‘कमी’ची बेरीज मोठी होते, आयुष्य लांबतं आहे, रक्तदाब घरोघरी आहे, आणि शरीराची चण लहान आहे. पुरुषाच्या दोन सेंटिमीटरच्या नसेला साडेपाच म्हणजे पावणेतीन पट. एखाद्या बारीक चणीच्या बाईची नस मुळात दीड सेंटिमीटर असेल तर तोच आकडा साडेतीन पटीच्या पुढे जातो. तिच्यासाठी युरोपचा पाचचा उंबरठाही सैलच म्हणायचा. त्यात ताकायासूच्या आजाराने भिंत सुजलेल्या तरुण बायका आहेतच. त्यांच्या धमनीत जाळी बसवताना दाह आधी औषधांनी विझवावा लागतो, नाहीतर वाट पुन्हा बुजते किंवा जाळीच्या टोकाशी नवा फुगा येतो. त्यांच्यासाठी साठीतल्या पुरुषाच्या सूचनापत्रकाचा उपयोग नाही.

यासाठी गावोगाव शिबिरं घ्यावीत असं मी म्हणणार नाही. फिरत्या सोनोग्राफी यंत्रांवर लिंगनिदान कायद्याची कडक बंधनं आहेत आणि ती सैल करण्याजोगा आपला समाज अजून झालेला नाही. त्याची गरजही नाही. साठीपुढच्या असंख्य बायका पित्ताशयासाठी, मूतखड्यासाठी, अंगावरून जाण्यासाठी त्या पाटीखालून आत जातात, झोपतात, पोटावर गार जेल लावून घेतात. यंत्राचा दांडा त्यांच्या महाधमनीवरून फिरतो. मग छापील अहवाल हातात येतो, त्यात यकृत किती सेंटिमीटर, मूत्रपिंडं किती, गर्भाशय किती, हे सगळं आकड्यांत असतं, आणि शेवटाकडे एक ओळ बहुधा आधीच टाइप करून ठेवलेली असते: ॲओर्टा नॉर्मल. त्या ओळीपुढे मिलिमीटरचा आकडा नसतो. तुमच्या आईचा, सासूबाईंचा अहवाल असेल तर काउंटरवरून उठण्याआधी तो आकडा मागून घ्या. तो मोजायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं.